दोन पुढचे भाग

हिराताई,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. वाचनालयाच्या फळ्यावर तुमची बातमी मीच लिहिली होती. शिवणकामातला हातखंडा, वाचनालयाबद्दलची आस्था, मागे एक मुलगी. अक्षर चांगलं आलं होतं. सचिवांनी चष्मा वर करून वाचलं आणि "छान लिहिलंत चुरी" म्हणाले. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी मला त्या फळ्याकडे बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसला आणि नव्या पुस्तकांची यादी लिहून टाकली. आता जे लिहितोय ते फळ्यावर मावणारं नाही. ते तुम्हालाच सांगायचं आहे.

आपली ओळख भांडणाने झाली, हे तुम्ही सगळ्यांना हसत सांगायचात. बायकांच्या मासिकांतली शिवणकामाची पानं कोणीतरी फाडून नेत होतं. मी दारावर पाटी लावली, 'पाने फाडणाऱ्यांचे सभासदत्व रद्द होईल.' तुम्ही जिना चढून आलात, पाटी वाचलीत आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "भाऊ, बायकांना पान नको असतंय, माप पाहिजे असतंय. मापं मी कापून देते. तुम्ही पुस्तकासारखी वाटा." मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. एमआयडीसीतल्या कापडगिरणीत कामाला असलेल्या माणसाची बायको, सांगलीकडून आलेली, नवरा गेल्यावर भाड्याच्या खोलीत मशीन टाकून मुलगी शिकवलेली, हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणालो की हे नियमात बसत नाही.

"नियमात पण कुणीतरी माया सोडली असंल की," तुम्ही म्हणालात. "तेवढी उसवा."

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, पुढे लागलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून ठेवलेलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं बाई अध्यात्माकडे वळल्या. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि तुम्ही हसलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही खाकी कागदाचे सहा फर्मे घेऊन आलात. मी नोंदवहीत 'कागदी नमुना' असं लिहिलं. तो शब्द कोणाच्याच तोंडात बसला नाही. सगळ्या बायका फर्माच म्हणायच्या, शेवटी मीही म्हणायला लागलो.

कार्यकारी मंडळाला कसं पटवलं ते आठवलं की अजून मौज वाटते. एक सदस्य म्हणाले, उद्या हे लोक शिलाई मशीन मागतील. तुम्ही म्हणालात, मागू देत की, मागितल्यावर बघू. वर्षाभरात आपल्या कपाटात तीस पाकिटं झाली. मग कोणी सासूच्या माघारी पडून असलेला वॉकर आणून दिला, कोणी कुबड्या, कोणी चकलीचे सोरे. दिवाळीच्या आधी पुस्तकांपेक्षा सोऱ्यांना जास्त मागणी. मी कुरकुर करायचो आणि तुम्ही म्हणायचात, "चकली खाऊन वाचतील की, भाऊ."

एकच गोष्ट मला जड गेली होती. दुपारी वाचनकक्षात पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रं वाचत बसलेली असायची आणि कोणी बाई दारातूनच विचारायची, "काका, छत्तीसचा हाय काय?" किंवा कंपनीतल्या कामगाराची बायको, "भैया, चौंतीसवाला देना." माझे कान तापायचे. पेन्शनर मंडळी पेपर नाकापर्यंत वर घ्यायची. मी नियम केला. माप तोंडाने बोलायचं नाही, फक्त पाकिटाचा क्रमांक सांगायचा. मापांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, बायकांनी तिथे वाचावं. तुम्हाला हा नियम भारी विनोदी वाटला होता. "मापाला कसली लाज?" तुम्ही म्हणालात. पण पाळलात. माझा तो नियम पाळलात म्हणून पुढचं सगळं झालं, असं मी आता म्हणतो. तुम्ही म्हणाला असतात, नियमावर ढकलू नका.

फर्मे तपासायला तुम्हीच मला शिकवलंत. परत आलेलं पाकीट उघडायचं, तुकडे मोजायचे. पाठ, पुढचा भाग, बाही, खालची पट्टी. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की पाठ अर्धीच कशी, आणि पुढचा भाग एकच कसा, ब्लाउजला तर दोन बाजू असतात. तुम्ही एक जुना पेपर घेतलात, दुमडलात, त्यावर फर्मा ठेवून कातरलात आणि उलगडून दाखवलात. डावं-उजवं दोन्ही तंतोतंत. "देवानं माणूस दुमडूनच कापलाय, भाऊ. एका बाजूचा कागद पुरतो." मला हे इतकं आवडलं होतं की घरी जाऊन बायकोला सांगितलं. येईल त्या प्रत्येक नव्या बाईलाही मी ते माझंच असल्यासारखं ऐकवायचो.

मग तुम्ही चार महिने आला नाहीत. अश्विनी पुस्तकं बदलायला यायची, म्हणायची आई मावशीकडे गेलीय. परत आलात तेव्हा तुम्ही अर्ध्या झाल्या होतात. डोक्याला रुमाल बांधलेला, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, भर एप्रिलमध्ये. उजवा हात सुजलेला. "सांध्याचं हाय," तुम्ही म्हणालात. मी लगेच आमच्या चिंचणीच्या एका वैद्यांचं नाव सांगितलं आणि एरंडेल लावायचा सल्ला दिला. तुम्ही तो निमूट ऐकून घेतलात. त्या हाताने आता कात्री धरवत नाही, नवे फर्मे होणार नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत. आणि पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलंत.

"एवढं एक ठेवा. एकवीस नंबर रिकामाय ना, त्यावर चढवा."

मी विचारलं, माप काय लिहू?

"माप नका लिहू. जिला लागंल ती मागंल."

मला वाटलं, बाईंना अखेर माझ्या नियमाचं महत्त्व पटलं. मी चक्क खूश झालो होतो हिराताई. एकवीस क्रमांकापुढे मापाचा रकाना कोरा ठेवला आणि खाली रेघ मारली.

मे महिन्यात मी दरवर्षी कपाट रिकामं करून सगळी पाकिटं तपासतो. एकवीस उघडलं. पाठ अर्धी नव्हती, पूर्ण होती. पुढचे भाग दोन निघाले. एक नेहमीसारखा, छातीच्या गोलाईचे टक्स आखलेला. दुसरा सपाट, एकही टक नाही, बाही जोडायच्या मुंढ्याचा आकार वेगळाच, कडा जराशा वेड्यावाकड्या, शिकाऊ हाताने कापल्यासारख्या. आणि शिवाय एक लंबगोल कागद, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. मी तो सपाट भाग बत्तीसवर ठेवून पाहिला, चौंतीसवर ठेवून पाहिला. कशाशीच जुळेना. कोणीतरी दोन फर्म्यांची सरमिसळ केली असणार, किंवा कागद वाया गेलेला असणार. मी पाठ मधोमध दुमडून निम्मी कापली. टक्सवाला पुढचा भाग ठेवला. उरलेलं रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं आणि नोंदवहीत 'तपासले' असा शेरा मारला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी तर त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन दुसरा चहा मागवला होता.

जूनमध्ये तुम्ही आलात आणि एकवीस मागितलंत. काउंटरशी उभं राहूनच पाकीट उघडलंत, डाव्या हाताने.

"भाऊ, ह्यातला एक भाग कुठाय?"

"कोणता? जास्तीचा होता तो काढला. चुकून पडला होता."

"चुकून न्हवता."

"हिराताई, पुढचे भाग दोन कशाला? एका बाजूचा कागद पुरतो. देवाने माणूस दुमडून कापलाय, तुम्हीच सांगितलंत ना."

हे मी मोठ्याने म्हणालो. वाचनकक्षातल्या दोघांनी पेपर खाली केले, एकजण हसलाही. तुम्हाला तुमच्याच वाक्यात पकडलं याचा मला आनंद झाला होता. तुम्ही पाकीट मिटलंत. मग त्या पेपरवाल्यांकडे पाहिलंत.

"इचारायचं तरी," तुम्ही हळू म्हणालात.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"न्हाई सांगितलं असतं," तुम्ही म्हणालात. पाकीट माझ्याकडे सरकवलंत आणि जिना उतरून गेलात. मी रद्दीवाल्याकडे गेलोही नाही. कशाला जाऊ? वाद मी जिंकलो होतो.

पावसाळा संपता संपता अणुशक्ती वसाहतीतले एक निवृत्त गृहस्थ आले. बायको वारली होती, तिचं सामान कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून घेऊन आले होते. वॉकर, बेडपॅन, पाठीला लावायची उशी. मी एकेक वस्तू नोंदवत होतो. शेवटी कापडी पिशवीतून एक छोटी, मऊ, कापूस भरलेली गादी निघाली. लंबगोल. मी हातात धरून विचारलं, हे काय? त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, "छातीचं ऑपरेशन झालं ना तिचं. एक बाजू काढली. ब्लाउजच्या आत खिसा शिवून त्यात हे ठेवायची. दुसऱ्या कोणाला लागेल."

मी ती गादी टेबलावर ठेवली. तो आकार मी हातात धरला होता. उचलून, उलटसुलट करून, यावर काही लिहिलेलं का नाही म्हणून वैतागून, रद्दीत टाकला होता. एका क्षणात सगळं कळलं. रुमाल, दोन्ही खांद्यांवरचा पदर, सुजलेला हात, सपाट कागद. त्या गृहस्थांना मी पाणी दिलं की नाही ते आठवत नाही. त्यांनी ही गोष्ट एका अनोळखी माणसाला इतक्या सहज सांगितली आणि मी इतक्या वर्षांच्या ओळखीत तुम्हाला विचारू शकलो नव्हतो.

तेव्हापासून मी जो अडकलो तो अडकलोच. तुमची माफी मागायची, तर आधी मला कळलंय हे सांगायला हवं. मला कळलंय हे सांगायचं, तर तुमच्या पदराआड काय आहे याचा मी विचार केला, हे कबूल करायला हवं. तुम्ही ज्या गोष्टीसाठी मावशीकडे गेल्याचं खोटं सांगितलंत, त्यावरचं झाकण मी परक्या पुरुषाने कसं काढायचं? आणि नाही काढलं, तर तुमच्या मनात मी तोच राहणार, चारचौघांत तुमच्यावर हसलेला. इकडे आड, तिकडे विहीर. बायकोकडून निरोप पाठवावा असंही मनात आलं, पण मग तिलाही कळणार, आणि तिच्या बहिणीलाही. मी घरी काहीच बोललो नाही. रद्दीवाल्याकडे तेव्हा गेलो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मे महिन्यातली रद्दी हा माणूस आत्ता मागतोय, उन्हाचा परिणाम असावा.

तुम्ही मात्र यायचं थांबवलं नाहीत. यायला नको होतं, असं मला कितीदा वाटलं. दर मंगळवारी तुम्ही जिना चढायचात, मधल्या पायरीवर दम घ्यायचात, आणि मी वर बसून तो थांबलेला पायांचा आवाज ऐकायचो. काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलेलं असायचं. तुम्ही समोर आलात की मी म्हणायचो, "नवीन कादंबऱ्या आल्यात." तुमच्यासाठी टेबलाजवळ खुर्ची ठेवायला लागलो. वरच्या फळीवरचं पुस्तक तुम्ही मागायच्या आधीच काढून द्यायचो, म्हणजे तुम्हाला हात वर करायला नको. एकदा तुमच्या पुस्तकात चिठ्ठी घातली. 'एकवीस क्रमांकाबाबत माझ्याकडून चूक झाली आहे.' सरकारी पत्रासारखी भाषा. तुम्ही सही करत असताना मी पुस्तक परत मागून घेतलं, शिक्का तपासायचाय म्हणून, आणि चिठ्ठी काढून घेतली. तुम्ही सही पुरी केलीत आणि पुस्तक पिशवीत टाकलंत. तुमचं बोलणं आधीपेक्षा कमी झालं होतं, पण तुटक नव्हतं. अश्विनीला कोळगावला जिल्हा कार्यालयात काम मिळालं तेव्हा पेढे पहिले मला आणून दिलेत. मी पेढा तोंडात ठेवला आणि मनात म्हटलं, आत्ता. आत्ता बोल. पेढा संपला, मी बोललो नाही.

त्याच वर्षात आणखी एक बाई येऊ लागली होती. वाणगावच्या पुढे डोंगराकडे तिचं गाव, आश्रमशाळेत स्वयंपाकाला असते, नाव रखमा. एवढं मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. महिन्यातून एखाद्या सोमवारी यायची, दाराजवळच्या बाकावर बसायची, चित्रांचं मासिक उघडायची. घटकाभर कपाटाकडे बघायची आणि उठून जायची. "काय हवंय?" म्हटलं की "काय नाय. बसलेय." मला वाटलं गाडीला वेळ असेल, सावलीला बसत असेल. सभासद नसलेल्यांना बसू द्यायचं नाही असा नियम आहे, पण तेव्हा माझा नियमांवरचा विश्वास उडाला होता. बसू दिलं.

पावसाच्या तोंडाशी तुमचा खोकला वाढला. तीन मंगळवार आला नाहीत. चौथ्या मंगळवारी यायचं मी ठरवलं होतं, तुमच्या खोलीवर, एकदाच काय ते सांगून टाकायला. सोमवारी अश्विनीचा फोन आला.

तुमच्या तेराव्याला आलो, जेवलो, कोपऱ्यात बसून राहिलो. पाहुणे निघून गेल्यावरही मी उठेना, तेव्हा अश्विनीने विचारलं, "काका, काही हवंय का?" मी म्हणालो, आईचा एखादा ब्लाउज मिळेल का. हे वाक्य उच्चारून झाल्यावर माझं मलाच ते ऐकवेना. पोरीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "सगळं वाटलं. साड्या मावशीनं नेल्या. ब्लाउज शेजारणींना दिले. हे तीन राहिलेत, ते कुणालाच होईनात." तिने पलंगाखालची पिशवी ओढली. "तुम्हाला कशाला पाहिजेत?"

मग मी सांगितलं, हिराताई. जे तुम्हाला सांगायचं होतं ते सगळं तुमच्या मुलीला सांगितलं. पाकीट, रद्दी, वाचनकक्षातलं हसणं, ती कापसाची गादी. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी ज्याच्या ओझ्याखाली इतके महिने वाकलो ते पाच मिनिटांचं काम निघालं.

अश्विनी रडली नाही. म्हणाली, "तो फर्मा कापायला आईला तीन आठवडे लागले होते. उजवा हात चालत नव्हता. डाव्या हातानं कापला तिनं, माझ्यापुढं. मी म्हटलं मी कापते, तर हात लावू दिला नाही."

कडा वेड्यावाकड्या का होत्या ते मला तेव्हा कळलं. शिकाऊ हात.

तिने मला चहा विचारला नाही आणि ते बरोबरच होतं. पिशवीतला एक ब्लाउज काढून दिला, फिक्या निळ्या रंगाचा. "उसवलात तरी चालेल," म्हणाली. "पण शिवू नका परत. उसवलेला तसाच आणून द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाचनालय बंद असताना, मी आतून जाळीचं दार ओढून घेतलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुमचा ब्लाउज उसवायला बसलो. तुमचा टाका इतका बारीक की ब्लेडचं टोक आत जाईना. आधी खांदे, मग बाह्या, मग कुशीच्या शिवणी. आतला खिसा मलमलीचा होता, जुन्या धुतलेल्या मलमलीचा, टोचू नये म्हणून. आणि उजव्या कुशीत तुम्ही दुप्पट माया सोडली होती. दोन बोटं. म्हणजे पुन्हा अंगावर येईन, हा ब्लाउज पुढे सैल करावा लागेल, असं तुम्ही धरून चालला होतात. मी तुमच्याबद्दल काय काय समजून बसलो होतो, त्यात हे कुठेच नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावलेल्या, आजाराने खचलेल्या. तुम्ही तर उतरलेलं वजन परत यायची सोय करून ठेवत होतात.

तुकडे खाकी कागदावर ठेवून गिरवले. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर जमलं. सपाट भागावर लिहिलं, 'उजवा पुढचा भाग'. दुसऱ्यावर, 'डावा पुढचा भाग'. लंबगोलावर, 'आतला खिसा, मऊ कापडाचा'. ऑपरेशन डाव्या बाजूचं असेल तर कागद उलटून ठेवावेत, असंही लिहिलं. नोंदवहीत एकवीसपुढचा कोरा रकाना भरला, स्पष्ट शब्दांत, कशासाठी आहे ते. पेन्शनर मंडळींनी वाचलं तर वाचू दे.

परवा सोमवारी रखमा आली. नेहमीसारखी बाकावर बसली. तोवरही ती कशाला येते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी ती कपाटाकडे बघत होती आणि तिचाही पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला होता. इतके महिने मी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. मी उठलो, एकवीस काढलं आणि तिच्यासमोर बाकावर ठेवलं.

तिने पाकीट उघडलं. तुकडे मांडीवर एकेक करून मांडले. सपाट भागावरून तळवा फिरवला.

"झाला?" तिने विचारलं.

"तुम्हाला हाच हवा होता?"

"हा. ताई न् मी एकाच डागदरकडं जायचो, मुंबयला. माझे भावजयकडं मशीन हाय. ताई बोल्ली, फर्मा वाचनालयात ठेवलाय, नेऊन शिव."

"मग मागितला का नाही? इतके महिने येताय तुम्ही."

रखमाने मान खाली घातली. मी तिला ओरडतोय असं तिला वाटलं असावं.

"ताईच बोल्ली, मांगू नको. काकांचे हातनं एक तुकडा हरवलाय. आता त्यांना समजलंय, पन बोलता नाय येत त्यांना. तू मांगशील तर लाजंनं मरतील. तू नुसती जाऊन बसत ऱ्हा. एक दिस तेच उठून देतील."

मी विचारलं, ताई असं कधी म्हणाल्या?

"दिवाळीचे आधी," ती म्हणाली. "मंग दर येळी इचारायची, दिला का? मी बोलायची, नाय अजून. ती बोलायची, देतील."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझं कळणं तुम्हाला कळलं होतं, खुर्ची कळली होती, परत मागून घेतलेलं पुस्तकही कळलं होतं. मी समजत होतो की मी गप्प राहून तुमची लाज राखतोय. तुम्ही गप्प राहून माझी राखत होतात. आणि आपण दोघं एकमेकांसमोर सभ्यपणे बसलो असताना ही बाई पहाटे स्वयंपाक उरकून, डोंगर उतरून, वाणगावहून गाडी धरून येत होती आणि माझ्या बाकावर रिकाम्या हाताने बसून परत जात होती. अंगात न बसणारा ब्लाउज, त्यावरून दोन खांद्यांचा पदर. दिवाळीपासून.

मी तिला म्हणालो, "मला उशीर झाला." रखमा म्हणाली, "व्हय." तिने ते साधेपणाने कबूल केलं, माझी समजूत काढली नाही. नोंदवहीत सावकाश सही केली, पाकीट पिशवीत घातलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली. दारातून वळून म्हणाली, "ताईला आता कुनी सांगायचं, दिला म्हनून?"

मी सांगतो म्हणालो. म्हणून हे लिहायला बसलो.

दिला, हिराताई. चुकलो, माफ करा, हेही आता म्हणतो. तुम्ही समोर नसताना ते किती सोपं आहे.